पहिली गिटार: आधी तारेची उंची, मग कंपनीचं नाव

पहिली गिटार घ्यायचं ठरलं की घरात निघणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. कुठल्या कंपनीची घ्यायची? खालचा खांदा कापलेली घ्यायची की पूर्ण? काळी की लाकडी रंगाची? पुढेमागे स्टेजवर वाजवायची वेळ आली तर म्हणून वायर जोडायची सोय असलेलीच घेऊन टाकावी का? विचारायला हरकत नाही, पण शिकणारा तीन महिन्यांनी गिटार मांडीवर घेतोय की कपाटावर टाकतोय, ते यातल्या कशावरच ठरत नाही. ते बरंचसं ठरतं तारा लाकडापासून किती वर आहेत यावर. गिटारवाले या उंचीला ‘ॲक्शन’ म्हणतात. फरक एखाद-दोन मिलिमीटरचा असतो, आणि दुकानात त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे मात्र ठोकून बसवलेले. दोन फ्रेटच्या मधल्या घरात बोट ठेवून तार दाबली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि तिथपासून खालच्या ब्रिजपर्यंतचाच (ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) तुकडा कंप पावतो. तुकडा जितका लहान तितका स्वर चढा. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तिथे त्याच तारेचा वरच्या सप्तकातला स्वर मिळतो. मधली बारा घरं म्हणजे पेटीच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्याच.

दाबायला जोर लागतो तो ताणामुळे. तारांच्या पाकिटावर १२-५३ किंवा १०-४७ असे आकडे असतात. ते सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागात. स्टीलच्या १२-५३ संचाच्या सहा तारा मिळून मानेला ७० किलोच्या वर ओढत असतात. नायलॉनच्या तारांचा हाच ताण ४० किलोच्या आसपास असतो. एवढ्या ताणलेल्या तारेला बोटाच्या टोकाने खाली आणायचं, तेही एकाच वेळी तीन-चार तारांना, शेजारच्या तारेला धक्का न लावता. तार अर्धा मिलिमीटर जास्त वर असली तर काय होत असेल ते यावरून कळेल.

त्यातही एक गंमत आहे. मानेच्या वरच्या टोकाला खाचा पाडलेली हाडाची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी असते, ती नट. तारा त्या खाचांमधून खुंट्यांकडे जातात. कपडे वाळत घालायची दोरी मधोमध दाबली तर सहज खाली येते, भिंतीतल्या खिळ्याला लागून दाबायला गेलात तर बोट पांढरं पडतं. गिटारचा पहिला फ्रेट असाच खिळ्याला लागून असतो: तारेची लांबी ६५० मि.मी. असेल तर नटपासून जेमतेम साडेछत्तीस मि.मी.वर. आणि नव्या विद्यार्थ्याचं सगळं काम पहिल्या तीन फ्रेटमध्येच चालतं. सी, ए मायनर, डी, जी हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरांचे गट, आणि मग तो कुप्रसिद्ध एफ, ज्यात एकाच बोटाने पहिल्या घरातल्या सगळ्या तारा आडव्या दाबायच्या. म्हणजे तार दाबायला जी जागा सर्वांत जड, तिथेच शिकण्याची सुरुवात.

स्वस्त गिटारमध्ये नटच्या खाचा बऱ्याचदा उथळ सोडलेल्या असतात. कारण व्यवहारी आहे. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर खरखरते आणि नटच बदलावा लागतो. उथळ राहिली तर गिटार ‘चालते’, फक्त बोटं दुखतात, आणि बोटं दुखली म्हणून गिटार परत करायला कोणी येत नाही. नवशिके तर दुखणारच असं गृहीत धरतात. थोडं दुखतंच म्हणा. पहिले काही आठवडे बोटांची टोकं हुळहुळतात, मग कातडी घट्ट होते आणि त्रास संपतो. पण महिना-दोन महिने नेमाने वाजवूनही एफ नुसता थपथप वाजत असेल, तर बोटांना दोष देण्याआधी नटकडे बघावं.

उंच नटचा दुसरा तोटा कानाला होतो. तार जास्त खाली ओढावी लागली की ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर लावल्या, तरी सी वाजवताना दुसऱ्या तारेचा पहिल्या घरातला स्वर चढा येतो आणि शेजारची मोकळी तार आपल्या जागी असते. कॉर्ड बेसूर लागतो. लहानपणी पेटीवर सरगम म्हणून कान तयार झालेल्या मुलाला हे लगेच खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. मग तो पुन्हा पुन्हा खुंट्या पिळत बसतो.

दुकानात जाताना तीन वस्तू खिशात ठेवा: सहा इंची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि जमलं तर कापो, म्हणजे मानेवर लावायचा चिमटा. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी चालणार नाही, तिला शून्याच्या आधी कोरी जागा असते. स्टीलच्या पट्टीचं शून्य कडेपासूनच सुरू होतं. गिटार वाजवता येत नसेल तरी काही बिघडत नाही, मोजता आलं की झालं.

आधी गिटार सुरात लावून मागा. ढिल्या तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड तारेखाली २ ते २.५ मि.मी. आणि बारीक तारेखाली त्याहून थोडं कमी असेल तर उत्तम. तीन मि.मी. असेल तर दुरुस्त करता येईल का ते विचारावं. साडेतीनच्या पुढे असेल तर ती गिटार खाली ठेवावी, नाव कितीही मोठं असो. नायलॉनच्या तारांना हे माप लागू नाही. त्या सैल असल्याने जास्त झुलतात, म्हणून तिथे ३ ते ४ मि.मी. उंची नेहमीचीच.

आता नट. तार तिसऱ्या घरात दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उचललेली दिसते ते बघा. कागद जाईल एवढीच फट हवी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर नट उंच आहे. कापो असेल तर काम आणखी सोपं. तो पहिल्या फ्रेटला लावला की नटचा संबंधच तुटतो. कापो लावून आणि काढून, दोन्ही वेळा शेजारच्या घरात एकच साधा कॉर्ड दाबून बघा. कापो लावल्यावर हात एकदम हलका वाटला तर दोष नटमध्येच, आणि हा दोष चांगला कारागीर थोड्या वेळात कानसून काढतो. अशी गिटार नाकारायचं कारण नाही, उलट त्यावर घासाघीस करता येते.

मान वाकलेली आहे का, हे बघायला तारेचाच दोरीसारखा वापर करायचा. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबा. मधे, सातव्या फ्रेटच्या आसपास, बारीकशी फट दिसली पाहिजे. अजिबात फट नसेल तर मान मागे झुकली आहे, मोठी असेल तर पुढे. बहुतेक स्टील-तारांच्या गिटारमध्ये मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, आणि ती ॲलन कीने फिरवून हा बाक कमी-जास्त करतात. दुकानदार ‘ॲक्शन खाली करून देतो’ म्हणत थेट सळईच पिळायला लागला तर त्याला थांबवा. सळईचं काम मान सरळ ठेवणं. उंची कमी करायची ती नट आणि सॅडल घासून. सॅडल म्हणजे ब्रिजवर बसवलेली पांढरी पट्टी. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असल्याने सॅडल एक मिलिमीटर घासली की तिथली उंची अर्धा मिलिमीटर उतरते. म्हणून ब्रिजच्या वर सॅडल किती शिल्लक आहे तेही पाहून ठेवा. सॅडल आधीच तळाला गेलेली आणि तारा तरीही उंच, असं असेल तर दोष मानेच्या कोनातच आहे. त्याची दुरुस्ती नव्या गिटारइतकी महाग पडू शकते, तेव्हा सरळ पुढची गिटार मागावी.

बाकीची तपासणी पटकन होते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड आत जात असेल तर ब्रिज उखडायला लागला आहे. मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. खुंट्या फिरवताना रिकामा झोल जाणवू नये. प्रत्येक तारेवर प्रत्येक घर एकदा वाजवा, कुठे खर्रर्र होतं का, कुठे स्वर दबतो का ते ऐका. तंबोऱ्याला जवारी काढून जो झणकार मुद्दाम आणतात तो इथे दोष आहे. शेवटी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत.

दुकानातला मुलगा गिटार घेऊन सफाईने दोन मिनिटं काहीतरी सुंदर वाजवून दाखवतो. त्याच्या हातात कुठलीही गिटार चांगलीच वाजते, त्याचा रोजचा सराव आहे. त्याला एवढंच सांगा की पहिल्या घरातला एफ सावकाश, एकेक तार छेडत वाजव. मग त्याची बोटंही किती दाबली जातात ते तुम्हाला दिसेल.

मापाइतकंच प्रकाराला महत्त्व आहे. जुन्या जाहिरातींत ‘स्पॅनिश’ आणि ‘हवाईयन’ अशा दोन गिटारी असायच्या. आज नवशिका घेतो ती स्पॅनिशच, मांडीवर उभी धरून बोटांनी दाबून वाजवायची. हवाईयन प्रकारात गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवतात. तिथे तारा मुद्दाम उंच उचललेल्या असतात, कारण त्या फ्रेटला टेकवायच्याच नसतात. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी रागसंगीत याच वाटेने गिटारवर आणलं. ज्याला गिटारवर मींड काढत राग वाजवायचा आहे त्याने गुरू आधी शोधावा, वाद्य नंतर. या लेखातली मापं त्याच्या उपयोगाची नाहीत.

स्पॅनिश प्रकारात तीन पर्याय. नायलॉनच्या तारांची क्लासिकल, स्टीलच्या तारांची अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक. क्लासिकलचा आजचा आकार आणि ६५० मि.मी.ची तार, हे बरंचसं अंतोनियो दे तोरेस या एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश कारागिराचं काम. त्या काळी तारा आतड्याच्या असत, नायलॉन आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बोटांना ही सर्वांत मऊ. पण तिची मान नटपाशी सुमारे ५२ मि.मी. रुंद असते, अकूस्टिकची ४३ च्या जवळपास. लहान पंजाच्या माणसाला रुंद मान अवघड जाते, आणि पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) सपासप कॉर्ड वाजवत गाणी म्हणायची असतील तर नायलॉनचा गोल, मऊ आवाज मागे पडतो. एकेक बोटाने तार छेडत शांतपणे वाजवायची आवड असेल तर मात्र क्लासिकलसारखं सुख नाही.

इलेक्ट्रिकबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट आहे: आधी अकूस्टिकवर बोटं घट्ट करायची, मग इलेक्ट्रिकला हात लावायचा. मला यात काही अर्थ दिसत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, ९-४२ किंवा १०-४६, ॲक्शन दीड मि.मी.च्या आसपास असते आणि मान सडपातळ. शिकायला ती सर्वांत सोपी. शिवाय हेडफोन लावून वाजवली तर शेजारच्या फ्लॅटमधले काका दारावर टकटक करत नाहीत. ज्या मुलाच्या डोक्यात रात्रंदिवस रॉक आहे त्याच्या हाती अकूस्टिक देणं म्हणजे त्याची हौस मोडायचा हमखास उपाय. अडचण खर्चाची. गिटारसोबत छोटा ॲम्प किंवा हेडफोनचं उपकरण घ्यावं लागतं, केबल लागते, आणि गच्चीवर चार मित्रांसमोर ती मोकळी वाजवता येत नाही.

राहिली अकूस्टिक, आणि बहुतेकजण तीच घेतात. दुकानात सर्वांत जास्त दिसतो तो रुंद कमरेचा मोठा आकार, ड्रेडनॉट. तो १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने काढला, नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून. आवाज दांडगा, पण बसक्या किंवा लहान चणीच्या माणसाचा उजवा खांदा त्यावर हात टाकताना वर चढतो आणि अर्ध्या तासात मान अवघडते. अशा वेळी कॉन्सर्ट किंवा ऑडिटोरियम नावाने मिळणारा आखूड कमरेचा आकार घ्यावा. आवाजात थोडं कमी, बसण्यात खूप सुख.

ऑनलाइन यादीत ३८ इंच, ३९ इंच, ४१ इंच असे आकडे दिसतात. ती गिटारची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. हाताला जाणवते ती नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, म्हणजे स्केल, आणि ती यादीत बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. स्केल जरा आखूड असली तर त्याच स्वरासाठी ताण कमी लागतो. ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने साडेपंचवीस इंचांऐवजी पावणेपंचवीस इंचांची स्केल घेतली तर तो जवळपास सहा टक्क्यांनी उतरतो. पुष्कळांची पहिली गिटार असलेल्या यामाहा एफ ३१० ची स्केल ६३४ मि.मी. आहे, बऱ्याच ड्रेडनॉटपेक्षा थोडी आखूड. पण नाव एकच असलं तरी दोन नग सारखे नसतात. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर परत करायची मुदत पाहून घ्या आणि खोकं आलं त्याच दिवशी पट्टी लावा. सोबत फुकट आलेला पट्टा, पिक आणि पिशवी यांच्या आनंदात ती मुदत निघून जाते.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पूर्ण आकाराची गिटार घेऊन ‘मोठा होईल तशी बसेल’ म्हणणं चुकीचं. शाळेचा गणवेश वाढीव घेता येतो, गिटार नाही. अर्ध्या किंवा पाऊण आकाराची नायलॉनची गिटार घ्यावी, नाहीतर चार तारांचं युकुलेली. त्याच्या तारा गिटारच्या बारीक चार तारांच्या नात्याने लावलेल्या असल्याने शिकलेले हाताचे आकार पुढे वाया जात नाहीत.

लाकडाबद्दल दुकानात पुष्कळ बोललं जातं. खरा फरक आहे तो वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची यात, कारण आवाज मुख्यतः तीच फळी करते. ती बहुधा स्प्रूसची असते. आवाजाच्या गोल भोकाच्या कडेला बघा. वरच्या रेषा तशाच कडेत उतरत असतील तर अखंड, कडेला थर दिसत असतील तर प्लाय. अखंड फळीचा आवाज भरदार, वर्षं जातील तसा आणखी खुलतो असं वाजवणारे सांगतात. पण पहिल्या गिटारसाठी, विशेषतः मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर, मी प्लायला नाक मुरडणार नाही. ती हवेला कमी दाद देते.

बाजू आणि पाठीसाठी ‘रोजवूड’ ऐकलं की आपण परदेशी काहीतरी समजतो. बऱ्याच वेळा ते आपलं शिसवीच असतं. आजोळच्या शिसवी पलंगाचं असतं तेच लाकूड, आणि ही झाडं सह्याद्रीच्या रानांत वाढतात. ब्राझीलने आपल्या रोजवूडचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर मार्टिनने १९६९ मध्ये आपल्या नावाजलेल्या गिटारींसाठी भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली, आणि आज जगभरच्या नामांकित गिटारींच्या पाठी त्याच शिसवाच्या आहेत. पाच-सहा हजारांच्या गिटारवर मात्र रोजवूड लिहिलेलं असलं तर तो वरचा पातळ थर किंवा नुसता रंग असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

हवेचा विषय पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकतात, पण आपल्याकडे तो अर्ध्या ओळीचा नाही. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत रत्नागिरी किंवा दादरच्या हवेत ती ८० च्या वर असते. लाकूड पाणी पितं, वरची फळी ब्रिजच्या मागे फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि मार्चमध्ये सरळ असलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये अर्धा-पाऊण मि.मी. चढलेली असते. विद्यार्थ्याला वाटतं आपला सराव कमी पडला. विदर्भात उलटं: मे महिन्यात लाकूड आकसतं, फळी खाली बसते, तारा फ्रेटवर खरखरू लागतात आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन टोचतात. म्हणून गिटार कुठल्या ऋतूत मोजताय तेही लक्षात घ्या. कोकणात पावसाळ्यात २.५ मि.मी. भरलेली गिटार हिवाळ्यात आणखी बरी होईल, उन्हाळ्यात तेवढी भरलेली पावसाळ्यात जड जाईल. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, नागपूरकरांनी कूलरच्या झोतात ठेवू नये, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर कोणीच ठेवू नये, सरस मऊ होऊन ब्रिज सुटतो.

पैशांचं गणित मी असं मांडतो. दहा हजार हाताशी असतील तर गिटार आठ-साडेआठ हजारांची घ्या. उरलेल्यात नट-सॅडल घासून घेणं, चिमट्याचा ट्यूनर, कापो आणि तारांचा एक हलका संच. पाच हजारच असतील तरी वाटणी हीच. सेटअप केलेली, म्हणजे नट-सॅडल अशी घासून घेतलेली, साधी गिटार सेटअप न केलेल्या महागड्या गिटारपेक्षा नवशिक्याला बरी वाजते. पिकअप, म्हणजे वायर जोडायची सोय, असलेलं मॉडेल त्याच किमतीत मिळत असेल तर पिकअपचे पैसे लाकडातून आणि मेहनतीतून कापले गेले आहेत असं समजा. स्टेज आल्यावर पिकअप बाहेरून बसवता येतो. जुनी गिटारही चांगली. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेल्या आणि शेवटच्या वर्षाला विकायला काढलेल्या गिटारी शहरोशहरी मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच फारशा वाजलेल्याच नसतात. फक्त वर सांगितलेली तपासणी करायची. टांगून ठेवलेल्या जुन्या गिटारीत तार ब्रिजवरून पुढे जाऊन बुडाशी पत्र्याच्या पट्टीला अडकवलेली असेल आणि ब्रिज नुसता टेकवलेला असेल, तर तो ब्रिज योग्य जागी आहे का ते बाराव्या फ्रेटच्या चाचणीने नक्की बघा. एक-दोन मि.मी. सरकला तरी सगळी गिटार बेसूर होते.

कापोचा इतका आग्रह धरण्यामागे गाणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. आपल्याकडे माणूस ‘माझी काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ असं सांगतो आणि पेटीवाला तिथून सुरुवात करतो. गिटारवर सोपे कॉर्ड मोजकेच, आणि ते काळ्या पट्ट्यांवर येत नाहीत. कापो हा अडथळा दूर करतो. सी चे आकार धरून कापो पहिल्या फ्रेटला लावला की काळी एक. डी चे आकार आणि पहिला फ्रेट म्हणजे काळी दोन. ई चे आकार आणि दुसरा फ्रेट म्हणजे काळी तीन. जी चे आकार घेऊन पहिल्या फ्रेटला काळी चार, तिसऱ्याला काळी पाच. भावगीतं किंवा भजनं स्वतःच्या पट्टीत म्हणायची असतील तर एवढ्यावर वर्षभर निघतं, आणि कापोखाली नटचा दोषही झाकला जातो.

ज्यांची गिटार आधीच घेऊन झाली आहे आणि ती जड लागते, त्यांच्यासाठीही यातूनच एक तोड निघते. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा, म्हणजे प्रत्येक तार एका घराने खाली. ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. मग कापो पहिल्या फ्रेटला लावा, स्वर पुन्हा जागेवर. त्यातही जड वाटलं तर १२ च्या जागी १० चा संच घाला. आवाज थोडा बारीक होईल, पण हात चालू राहील. कारागीर सापडेपर्यंत असं चालवता येतं. नवा संच घालताना जुन्या सगळ्या तारा एकदम काढू नका, एक काढून एक घाला, म्हणजे मानेवरचा ताण एका झटक्यात जाणार नाही. किनारपट्टीला राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कपड्याने पुसा. घाम आणि खारी हवा मिळून काही आठवड्यांतच त्यांच्यावर गंज धरतो, गंजलेली तार बोटाला खरखरीत लागते आणि सुरातही नीट लागत नाही.